शेवटच्या खोलीतलं पाखरू

काकू : ...म्हणून मी म्हटलं, इथेच ठेवा, क्लॅरिनेटवाल्याच्या अगदी शेजारी. लोकांनाही दिसेल आणि त्यालाही ऐकू येईल. वरचं कापड काढलं आणि टेबलाला कशी शोभा आली बघ!

मुकी : काकू, हे कुठल्या खोलीतलं पाखरू आहे?

काकू : अगंबाई, मुकी बोलली! आज संस्थेचा वाढदिवस खरा. ह्या आवारात तुझा आवाज मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

मुकी : कुठल्या खोलीतलं, काकू?

काकू : शेवटच्या. ती दोन दारांची नाही का, कडेनं जाड रबर लावलेली? उघडताना हात भरून आले बाई माझे. आणि आत शिरले तर इतकी शांतता, की माझ्याच कानात गुंई वाजायला लागलं. तू रोज कशी गं बसतेस तिथे? ...अगं, खाली का बसलीस? चक्कर आली का? पाणी आणू?

मुकी : पाणी नको. हे बाहेर कधी आणलंत?

काकू : मघाशीच. वाद्यं जुळवत होते तेव्हा. आधी घाबरलं बिचारं, कोपऱ्यात जाऊन बसलं. मग हळूहळू दांडीवर आलं. आणि आपली ती नेहमीची धून सुरू झाली ना, तेव्हा मान अश्शी वाकडी करून ऐकत होतं! मला इतकं हसू आलं.

मुकी : धूनपण वाजली?

काकू : म्हणजे काय! धून वाजल्याशिवाय वर्धापनदिन सुरू झालाय का कधी? ह्यांनी तरुणपणी रानात बसून ह्याच पाखरांचं गाणं ऐकलं, स्वरात बसवलं, तीच ती धून. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी घरात दुसरं काही ऐकलंच नाही. आज तर दोनदा वाजवली. ह्यांनीच सांगितलं वाद्यवृंदाला, दोनदा होऊ द्या म्हणून.

मुकी : दोनदा.

काकू : अशी काय बघतेस? दरवर्षी प्रत्येक विभाग आपलं काहीतरी जिवंत आणून मांडतो, तुला ठाऊक आहे. मासेवाले काचपेटी आणतात, झाडवाले कुंडी आणतात, आपण आपलं ते म्हातारं पाखरू, आजोबा, आणतो. पण यंदा हे म्हणाले, आजोबाची पिसं गळली आहेत, कोंबडीसारखा दिसतो, पाहुण्यांपुढे काय मांडायचं? तर म्हणे शेवटच्या खोलीतलं आण.

मुकी : सरांनी सांगितलं? शेवटच्या खोलीतलं, असं?

काकू : त्यांनीच किल्ली दिली. मला काय कळतंय तुमच्या खोल्यांतलं? मी आपली साडी सावरत गेले आणि पिंजरा घेऊन आले. काही चुकलं का माझं? बोल ना गं. मघाशी बोलत होतीस, आता परत मुकी झालीस.

मुकी : काकू, हे पाखरू त्या खोलीत अंड्यातून बाहेर आलं. त्यानं आपल्या आईला पाहिलं नाही, बापाला ऐकलं नाही. आज संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर दुसऱ्या पाखराचा आवाज पडला नव्हता. माणसाचाही नाही. मी आत जाताना चपला बाहेर काढायचे, घड्याळ बाहेर काढायचे. शिंक आली तर रुमाल तोंडात कोंबायचे. घरीसुद्धा गुणगुणायचे नाही, न जाणो तीच सवय आत लागायची.

काकू : अगं बाई गं! म्हणून तू...

मुकी : म्हणून मी मुकी. बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ह्याला दाणे घालत होते. फोन नुसता थरथरला. वाचलं. दाणे घालून झाले, बाहेर आले, दोन्ही दारं नीट लावली, आणि मग रडले.

काकू : एवढं कशासाठी गं बाळा? एका पाखरासाठी?

मुकी : सरांचं पुस्तक आहे ना, ज्याच्यासाठी आज त्यांचा सत्कार आहे?

काकू : हो, तेच. शिकवणाऱ्यावाचून पाखरू गात नाही. सगळ्या जगानं मान्य केलंय म्हणतात.

मुकी : हे गायलं, काकू.

काकू : काय?

मुकी : मागच्या आठवड्यात. कोणी शिकवलं नाही, कोणाचं ऐकलं नाही, तरी गायलं. त्याच्या जातीचं गाणं, अख्खं, शेवटच्या गिरकीसकट. माझा विश्वास बसेना. मी स्वतःला चिमटा काढला, अगदी खरोखर काढला, हे बघा, अजून डाग आहे.

काकू : म्हणजे ह्यांचं पुस्तक...

मुकी : चुकलं.

काकू : हळू बोल. ह्यांना ठाऊक आहे?

मुकी : मीच धावत जाऊन बोलावून आणलं. दुसऱ्या कोणाला सांगणार होते? हेडफोन लावून काचेपाशी उभे राहिले, डोळे मिटून ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोरी, तू माझ्या पुढे गेलीस. मला वाटलं, ह्यापेक्षा माणसाला आयुष्यात आणखी काय मिळायचं असतं?

काकू : मला घरी काहीच बोलले नाहीत. उलट त्या दिवसापासून जेवण कमी झालंय. मी म्हटलं, सत्काराचं दडपण असेल.

मुकी : उद्या सकाळी माझ्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक ते पाखरू ऐकणार होते. कुठलाही आवाज न शिवलेलं. मघाशी मी त्यांनाच आणायला स्टेशनवर गेले होते. सरांनीच पाठवलं. दुसरं कोणीही जाऊ शकलं असतं, पण म्हणाले, तूच जा, तुझे पाहुणे आहेत.

काकू : तुला तिकडे पाठवलं आणि मला इकडे किल्ली दिली.

मुकी : हो.

काकू : अगं, पण उद्या ऐकतील की ते! पाखरू काय, आजही तेच आणि उद्याही तेच.

मुकी : नाही ना काकू! ज्यानं एकदा ऐकलं, ते कधीच न ऐकलेलं होऊ शकत नाही. आणि ऐकलं तरी काय? त्याच्याच जातीचं गाणं, क्लॅरिनेटवर, अगदी कानाशी, दोनदा. उद्या ते गायलं तर कोणीही म्हणेल, शिकलं काल रात्री.

काकू : दुसरं पिल्लू असेल ना?

मुकी : एकच जगलं.

काकू : मी... मी आपली पिंजरा मिरवत आणला. वाटेत त्याच्याशी बोबडं बोललेसुद्धा गं. चल, आत नेऊ, कापड टाकू...

मुकी : असू द्या. आता झाकून काय उपयोग?

काकू : थांब. हे बघ, हेच आले.

सर : वा! दोघी माझ्याच चुगल्या करत असणार. मुके, तू इथे मागे का? परीक्षकांना पुढच्या रांगेत बसवलंय, त्यांच्याजवळ बस. आणि हसून बस. समारंभ आहे, सुतक नाही.

मुकी : सर, हे पाखरू बाहेर का आणलंत?

सर : अरे अरे अरे! हे काय? अगं, तू हे आणलंस? मी तुला आजोबा आणायला सांगितलं होतं ना?

काकू : अहो, तुम्हीच म्हणालात शेवटच्या...

सर : मी? मी वेडा आहे का? त्या खोलीत मी स्वतः पाय टाकत नाही, आणि तुला पाठवीन? हिचं असंच असतं गं मुके. घरात मीठ आण म्हटलं तर साखर घेऊन येते.

काकू : तुम्ही किल्ली काढून माझ्या हातात दिलीत. हे कापडसुद्धा काढून ठेव म्हणालात.

सर : बरं, चूक झाली. आता काय फाशी द्यायचं? तू जा, प्रमुख पाहुण्यांच्या बाईसाहेब एकट्या बसल्यात. जा म्हटलं ना! ...हं. मुके, ऊठ बघू खालून. कपडे मळतील.

मुकी : तुम्हीच सांगितलंत त्यांना.

सर : तू हुशार आहेस. हुशार माणसानं प्रत्येक गोष्ट तोंडानं बोलायची नसते.

मुकी : तुम्ही ऐकलं होतं सर. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

सर : होतंच. फार गोड गायलं. खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत मी तसं ऐकलं नव्हतं.

मुकी : मग?

सर : मग काय? आपल्याच घराला आग लागलेली बघून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही?

मुकी : तुम्ही म्हणालात, पोरी, तू माझ्या पुढे गेलीस.

सर : म्हणालो. आणि ती चूक मी दुरुस्त केली. हे बघ, रागावू नकोस, शांतपणे विचार कर. आज ह्या हिरवळीवर एवढे लोक माझ्या एका वाक्यासाठी जमलेत. शिकवणाऱ्यावाचून गाणं नाही. शाळेतली मुलं ते पाठ करतात. आज संध्याकाळी माझ्या गळ्यात हार आणि उद्या सकाळी मी मूर्ख, असं व्हायला हवं होतं का? एक रात्र तरी मधे जाऊ द्यायची होतीस.

मुकी : मी तारीख ठरवली नव्हती. परीक्षक जेव्हा येऊ शकत होते तेव्हा...

सर : कानामागून आली आणि तिखट झाली! तुला ह्या संस्थेत आणलं कोणी? ती खोली बांधून दिली कोणी? अंडी कोणी मिळवून दिली?

मुकी : तुम्हीच. म्हणूनच आधी तुम्हाला सांगितलं.

सर : तिथेच चुकलीस. माणसं सगळी शास्त्रज्ञ असतात गं, पण दुसऱ्याच्या पुस्तकापुरती.

मुकी : माझ्याकडे मागच्या आठवड्यातला आवाज आहे. भरून ठेवलेला. तो तर आजच्या आधीचा आहे.

सर : मागच्या आठवड्यात खालच्या सभागृहात वाद्यवृंदाच्या तालमी चालू होत्या. रोज तीच धून. दाराला कुठे फट असेल, गेला असेल आवाज आत.

मुकी : फट नाही! आपण दोघांनी तपासलं होतं. बाहेर ढोल वाजवून बघितला, आत आवाज मोजायच्या यंत्राचा काटा हललासुद्धा नाही. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता.

सर : मी? मला नाही आठवत. वय झालं.

मुकी : तालमी आमच्या इमारतीत ठेवायच्या हे कोणी ठरवलं?

सर : हे कळायला तुला एक आठवडा लागला? मी तुला जरा जास्तच हुशार समजत होतो.

मुकी : मी आत्ता जाऊन त्यांना सांगते. पुढच्या रांगेत आहेत ना? सगळं सांगते.

सर : सांग की. तो समोर माईक आहे, हवा तर तोच घे. सांग, की एका म्हाताऱ्या नावाजलेल्या माणसानं बायकोच्या हातून एक पाखरू बाग दाखवायला आणलं आणि तुझं राज्य बुडालं. हसतील गं. चार वर्षांत ह्या लोकांशी एक शब्द तरी बोलली आहेस? चहाला बसली आहेस कोणाबरोबर? हे सगळे तुला मुकी म्हणतात. नाव मीच ठेवलं होतं, प्रेमानं. मुकीचं कोण ऐकतं?

मुकी : तुमच्यासाठीच गप्प राहिले मी.

सर : तर मग राहा. सवय आहे तुला. लिहून टाक, की पिल्लू गायलं नाही, सिद्धान्त खरा ठरला. दोन महिन्यांत पदवी देतो. माझ्या हातानं. नाहीतर दुसरी अंडी शोध, दुसरी खोली शोध, दुसरा गुरू शोध. तरुण आहेस. ...काय गं, परत आलीस?

काकू : त्या बाईसाहेबांशी मला नाही बोलता येत. मला इथेच राहू द्या.

मुकी : काकू, एक काम कराल? उद्या परीक्षकांसमोर फक्त एवढंच सांगा, की सरांनी किल्ली दिली आणि सरांनीच शेवटच्या खोलीतलं आण म्हणून सांगितलं. बाकी काही नको. एवढंच खरं सांगा.

सर : सांग ना. बिनधास्त सांग. मी अडवणार नाही. मी तर उद्या स्वतःच त्यांच्यासमोर हात जोडणार आहे. घरच्या माणसाकडून चूक झाली, बायकोची चूक ती माझी चूक, म्हणेन. माझं मन केवढं मोठं ते लोकांना तेवढंच दिसेल. आता तू काय म्हणणार आहेस तेवढं ठरव. तुझ्या मनात आलं तर म्हण, नवरा खोटारडा आहे.

मुकी : काकू?

सर : तिच्याकडे बघून बोल. माझ्याकडे काय बघतेस?

काकू : मीच चुकले गं.

मुकी : काकू!

काकू : मला आजोबाच आणायला सांगितलं होतं. मला कळलं नाही.

सर : झालं? मिटलं? चला. ते माझं नाव पुकारताहेत. पिंजरा दे इकडे.

मुकी : नाही. त्याला तरी राहू द्या.

सर : हात सोड. सोड म्हटलं ना. पिंजरा वाकेल, त्यालाच लागेल. ...असं. शहाणी मुलगी.

काकू : पिंजरा घेऊन गेले. अशी नको ना बघूस माझ्याकडे.

मुकी : मी कुठे बघते आहे?

काकू : तू उद्या दुसरीकडे जाशील. तुझ्यात गुण आहे, कुठेही उभी राहशील. मला रोज रात्री ह्यांच्याच समोर ताट वाढायचंय. आपलेच दात, आपलेच ओठ. तुला नाही कळायचं.

मुकी : कळलं काकू.

काकू : शिव्या दे मला. पण अशी गप्प नको बसूस.

मुकी : ऐका.

काकू : काय?

मुकी : वाद्यं थांबली.

सर (व्यासपीठावरून, ध्वनिक्षेपकात) : ...आणि मित्रहो, ह्या चिमुकल्याची गंमत सांगतो. आज संध्याकाळपर्यंत ह्यानं कधी गाणं ऐकलं नव्हतं. आमच्या एका विद्यार्थिनीनं मोठ्या निष्ठेनं ह्याला सगळ्यांपासून दूर वाढवलं. बिचारं मुकं होतं, मुकं. आज घरच्या एका चुकीनं हे क्लॅरिनेटशेजारी येऊन बसलं. म्हटलं, बघू या, गुरू भेटला तर काय होतं. गाईल की नाही ते मी सांगू शकत नाही. जरा शांत राहा. कोणी खुर्ची सरकवू नका... मुलांनो, शू!

काकू : हे असं का करताहेत? नाही गायलं तर फजिती होईल ना ह्यांची.

मुकी : गाईल. ह्या वेळेला रोज गातं, दिवे लागले की. मीच सांगितलं होतं त्यांना.

काकू : अगं... अगं, खरंच गायला लागलं.

मुकी : हं.

काकू : किती गोड गं! काटा आला अंगावर. हे... हे त्या धुनेतलं आहे ना? क्लॅरिनेटवरून उचललं?

मुकी : नाही. धुनेत शेवटची गिरकी नाही. सरांना तरुणपणी ती नीट ऐकूच आली नव्हती, त्यांनी सोडून दिली. आता बघा, येईल. ...ही. ही त्याची स्वतःची.

काकू : मग सांग ना त्यांना! ते परीक्षक आहेत ना पुढे, त्यांना कळेल!

मुकी : तुम्ही सांगाल?

सर : ऐकलंत? ऐकलंत मित्रहो? एकाच संध्याकाळी! जन्मभराचं मुकं पाखरू, गुरू भेटला आणि गायलं! मी आणखी काय बोलू? मी पुस्तकात लिहिलं ते ह्यानं तुम्हाला गाऊन दाखवलं. शिकवणाऱ्यावाचून गाणं नाही!

काकू : बाई, केवढ्या टाळ्या!

मुकी : परीक्षकसुद्धा.

काकू : ते तुझे परीक्षक? ते पांढऱ्या केसांचे? डोळे पुसताहेत.

मुकी : हो.

काकू : तुझं नाव घेतील का गं हे? निदान तेवढं तरी?

मुकी : विद्यार्थिनी म्हणाले की.

काकू : ...सगळे उभे राहिलेत गं. ह्यांचं लक्ष इकडेच आहे. आपण दोघीच बसून राहिलो तर बरं नाही दिसत. ऊठ, बाळा.